वीणेतील आवाज कोठे असतो? : घरी सिंथेसायझर बांधण्याचा एक पाठ

संयुत्त निकायात वीणेचा एक दृष्टान्त आहे. वीणेचा स्वर पूर्वी कधीही न ऐकलेला एक राजा तो ऐकून मोहित होतो आणि तो आवाज आपल्यापुढे आणून ठेवण्याची आज्ञा करतो. सेवक वीणा आणतात. राजाला वीणा नको असते, आवाज हवा असतो. तो वीणेचे दहा तुकडे करतो, मग शंभर तुकडे करतो, शेवटी ती जाळून राख वाऱ्यावर उधळतो. आवाज सापडत नाही. आवाज कोण्या एका भागात नव्हताच; वीणेचे खोड, चामडे, दांडी, तारा आणि वादकाचा प्रयत्न यांच्या एकत्र येण्याने तो उत्पन्न होत होता. पंचस्कंधांत 'मी' शोधणाऱ्या भिक्खूसाठी तथागतांनी हा दृष्टान्त दिला. आम्ही इतिहासाचे शिक्षक असलो तरी हाच दृष्टान्त घेऊन वसतिगृहातील मुलांसमवेत एक छोटे विद्युत्-वाद्य बांधावयास बसलो.

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या कंपनांतून स्वर घडविणारे यंत्र. त्याच्या इतिहासात घरच्या टेबलाला मोठे स्थान आहे. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी किशोरवयातच वडिलांच्या सोबतीने थेरेमिन हे वाद्य बांधले व पुढे त्याचे सुटे भाग जुळणीसाठी विकले. त्याच अनुभवातून १९६४ साली त्यांचा सिंथेसायझर आकारास आला. १९६९ मध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तसे एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभारले आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्या कलावंतांनी त्यावर रचना केल्या. त्या काळी असे यंत्र मोठ्या संस्थेलाच परवडे. आज त्याचे मूळ तत्त्व घरात उभे करावयास एक चिप, एक बॅटरी आणि मूठभर सुटे भाग पुरतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सीडी ४०१०६ ही चौदा पायांची चिप, ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, ०.१ मायक्रोफॅरॅडचे तीन कपॅसिटर, १० किलोओहम व १०० किलोओहमचा एकेक रेझिस्टर आणि त्याच मापांचे दोन पॉट, म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तशी फिरकी, एवढे साहित्य घ्यावे. चिपची खाच डावीकडे ठेवली की खालच्या ओळीतील डावा पाय पहिला व उजवा सातवा. वरच्या ओळीतील डावा चौदावा. बॅटरीची धन बाजू चौदाव्या पायास, ऋण बाजू सातव्या पायास जोडावी आणि या दोहोंमध्ये एक कपॅसिटर बसवावा.

या चिपमध्ये सहा उलटकर्ते आहेत. आत कमी दाब असेल तर बाहेर जास्त, आत जास्त असेल तर बाहेर कमी, एवढेच त्यांचे काम. पहिला पाय प्रवेशाचा, दुसरा निर्गमाचा. पहिल्या पायापासून ऋण बाजूपर्यंत दुसरा कपॅसिटर जोडावा. दुसऱ्या पायापासून पहिल्या पायापर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० किलोओहमचा पॉट एकापुढे एक जोडावेत. न वापरलेले प्रवेश, म्हणजे ३, ५, ९, ११ व १३ हे पाय, ऋण बाजूस बांधावेत.

आता काय घडते? कपॅसिटर हा जणू रांजण आणि रेझिस्टर ही त्याची अरुंद तोटी. रांजण वरच्या खुणेपर्यंत भरला की उलटकर्ता पलटतो आणि त्याच तोटीने रांजण रिता होऊ लागतो. खालच्या खुणेला पोहोचला की पुन्हा भरू लागतो. ही भर-ओहोटी सेकंदाला शेकडो वेळा झाली की ती आपल्या कानास स्वर वाटते. पॉट फिरवताच सेकंदाला सुमारे १०० पासून १२०० पर्यंत कंपने मिळतात. एकूण रोध निम्मा केला की कंपने दुप्पट होतात, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो.

आवाज ऐकण्यासाठी दुसऱ्या पायापासून तिसरा कपॅसिटर, पुढे १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि मग १० किलोओहमच्या पॉटचे एक टोक, या क्रमाने जोडणी करावी. पॉटचे दुसरे टोक ऋण बाजूस, आणि मधला पाय बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरच्या प्रवेशास. स्पीकरची दुसरी तारही ऋण बाजूसच. आवाज आधी अगदी कमी ठेवावा, कानात इअरफोन घालू नये. घरातील विजेच्या सॉकेटशी या जोडणीचा संबंध येऊ देऊ नये. मोठ्या पॉटच्या जागी प्रकाशाने रोध बदलणारा एलडीआर बसविला की हाताची सावली पडताच स्वर खाली उतरतो. त्या वेळी मुलांच्या चेहऱ्यावर उमटलेले नवल वर्णन करून सांगता येणार नाही.

आमच्या पहिल्या संध्याकाळी मात्र काहीच वाजले नाही. घाईत आम्ही बॅटरी उलटी जोडली होती आणि चिप जळाली होती. नववीतील एका मुलीने आकृतीवर बोट ठेवून पाय मोजले आणि हळूच म्हणाली, "सर, चौदावा पाय इकडं आहे." शिक्षकाची चूक विद्यार्थिनीने सर्वांदेखत दाखवावी आणि शिक्षकाने ती मान्य करावी, हाही त्या दिवशीचा पाठच होता. दुसरी चिप बसविली आणि वाद्य बोलू लागले.

पुढे भेटीच्या रविवारी एका वडिलांनी विचारले, "सर, पोरीला शिकायला धाडलंय, तारा जोडायला नाय." त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तत्काळ देता आले नाही, कारण त्यामागे पिढ्यांचे दुःख होते. वीणेच्या त्या दृष्टान्तात चामड्याचा उल्लेख आहे. पण ते चामडे कमावणाऱ्याला आणि हलगी वाजविणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. वाजविणे ही कला राहिली नाही, ती सक्तीची गावकी झाली. म्हणूनच १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत आपल्या माणसांनी ते काम स्वाभिमानाने सोडले. ते योग्यच होते.

तथापि सोडावयाची होती ती सक्ती. हाताचे कौशल्य नव्हे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात दाखवून दिले. एकाने विचार करावा आणि दुसऱ्याने केवळ हात चालवावेत, ही त्याच विभागणीची दुसरी बाजू होय. यंत्राकडे त्यांनी शत्रू म्हणून पाहिले नाही. माणसाला उसंत आणि संस्कृती मिळवून देणारे साधन म्हणून पाहिले. परंतु यंत्र विकत घेऊन वापरणारा ग्राहक आणि ते उघडून समजून घेणारा माणूस यांत अंतर आहे. आपली मुले पहिल्या रांगेतच थांबावीत काय?

आम्ही त्या वडिलांना उत्तर देण्याऐवजी मुलीलाच बोलावले. तिने वाद्य समोर ठेवून रांजणाचा दृष्टान्त सांगितला, प्रत्येक तार कशासाठी आहे ते समजावले, आणि वडिलांचा हात धरून एलडीआरवर सावली पाडली. स्वर खाली आला. वडील बराच वेळ हात वर-खाली करीत राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, "हे तू केलंस?"

माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे की, पुढील स्नेहमेळाव्यास येताना बंद पडलेला रेडिओ, जुना स्पीकर, उरलेल्या तारा, जे असेल ते घेऊन यावे. एका चिपमध्ये सहा उलटकर्ते असतात; आम्ही अद्याप एकच वापरला आहे. उरलेले पाच आपली वाट पाहत आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.