सहा बिंदूंची काटकसर

सोलापूरचे सिद्धेश्वर मंदिर तळ्याच्या पाण्याने वेढलेले आहे. हे वाक्य तुम्ही डोळ्यांनी वाचले. अंध मुले तेच वाक्य बोटांनी वाचतात. कागदावर उठवलेल्या बिंदूंची ही लिपी म्हणजे ब्रेल. फ्रान्समधील लुई ब्रेल लहानपणीच अंध झाला होता. सन १८२४ च्या सुमारास, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने ही लिपी सिद्ध केली.

ब्रेलच्या एका घरात सहा बिंदूंच्या जागा असतात. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. त्यांपासून ६३ चिन्हे तयार होतात. प्रत्येक चिन्ह बोटाला स्पष्ट कळले पाहिजे. म्हणून ते फार बारीक करता येत नाही. त्यामुळे ब्रेलची पुस्तके जाडजूड होतात आणि लिहिताना काटकसर करावी लागते.

भारतीय भाषांसाठी १९५१ साली 'भारती ब्रेल' ही समान लिपी ठरली. तिच्यात काना-मात्रांची वेगळी चिन्हे नाहीत. व्यंजनापुढे स्वरच लिहितात. व्यंजनातील 'अ' मात्र सहसा लिहीत नाहीत. म्हणून 'सोलापूर' हा शब्द स, ओ, ल, आ, प, ऊ, र अशा सात घरांत बसतो. जोडाक्षरात अर्ध्या अक्षराच्या आधी चौथा बिंदू देतात. 'सिद्धेश्वर' या शब्दात तो दोनदा येतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना मात्र एकेकच घर पुरते.

आता 'मुंबई' हा शब्द पाहा. 'ब' पुढे लगेच 'ई' लिहिली, तर वाचणारा 'मुंबी' असे वाचील! म्हणून येथे मधला 'अ' मुद्दाम लिहितात.

इंग्रजी ब्रेलमधील काटकसर याहून मोठी आहे. 'अँड', 'फॉर' अशा नेहमीच्या शब्दांना एकेकच चिन्ह असते. 'एस' आणि 'एच' या अक्षरांच्या जोडीलाही एकच चिन्ह आहे. 'शिप' या शब्दात ते वापरतात. पण 'मिसहॅप', म्हणजे दुर्घटना, या शब्दात वापरत नाहीत. कारण तेथे 'स' आणि 'ह' यांचे उच्चार वेगवेगळे होतात.

दोन्ही भाषांतील नियमांचे मर्म एकच आहे. जागा वाचवावी, पण वाचणाऱ्याला घोटाळ्यात टाकून नव्हे. पुस्तक ब्रेलमध्ये उतरवणाऱ्याने हे सदैव ध्यानात ठेवावे. त्याच्या हातून एक बिंदू चुकला, तर अक्षरच बदलते. आणि अंध मुलाचा सारा विश्वास त्या बिंदूंवरच असतो.

स्वाध्याय
१. ब्रेल लिहिताना काटकसर का करावी लागते?
२. 'सिद्धेश्वर' या शब्दात चौथा बिंदू कोणकोणत्या अक्षरांच्या आधी येईल?
३. 'गवई' हा शब्द ब्रेलमध्ये लिहिताना 'अ' कोठे लिहाल? का?