कारागीर थांबतो, पण मनाने आपला होतो काय?

‘शिकवून तयार केलेला कारागीर चार पैसे जास्त मिळताच निघून जातो,’ ही लूम, शिलाई व चामड्याच्या कारखानदारांची तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिचे मूळ कोठे आहे ते पाहू.

अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीने १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडणे सुरू केले. दिवसभर तेच ते काम; कामगार टिकेनात. सुमारे १४ हजार माणसे कामावर राहावीत म्हणून त्या वर्षी ५० हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी रोजची कमाई जवळजवळ दुप्पट, म्हणजे ५ डॉलर केली आणि ९ तासांचे काम ८ तासांवर आणले. गळती झपाट्याने थांबली. काम मात्र तितकेच कंटाळवाणे राहिले.

म्हणजे योग्य मजुरीला पर्याय नाही; पण थांबणे म्हणजे निष्ठा नव्हे. कॅनडातील संशोधक जॉन मेयर व नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये माणूस टिकण्याची तीन कारणे सांगितली: कामाच्या ठिकाणाबद्दल ओढ, सोडल्यास होणारे नुकसान आणि कर्तव्याची जाणीव. पुढील अभ्यासांत दिसले की, कामातील समाधानाचा सर्वांत घट्ट संबंध ओढीशी आहे. नुकसानीच्या भीतीशी तो जवळजवळ नाही. ज्याला ओढ आहे, त्याचे खाडे कमी आणि काम चांगले असते.

आपल्याकडे उचल देऊन कारागीर बांधून ठेवण्याची रीत आहे. असा माणूस कर्जामुळे थांबतो, मन दुसरीकडेच असते. शिवाय उचलीपोटी कोणाला जबरीने कामावर ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

मग काय करावे? मजुरी ठरल्या दिवशी, हिशेब दाखवून द्यावी. चूक बाजूला घेऊन सांगावी, कौतुक चारचौघांत करावे. जुन्या कारागिराला नमुना ठरवताना विचारावे, नवख्यांना शिकवण्याची जबाबदारी द्यावी. उजेड, हवा, पिण्याचे पाणी यांत काटकसर करू नये.

यांतील बहुतेक गोष्टींना भांडवल लागत नाही. नवा माणूस तयार होईपर्यंत जाणारे महिने आणि बिघडणारा माल यांचा हिशेब मांडला, तर जुना कारागीर राखणे हाच स्वस्त सौदा ठरतो.