गाड्या मोजण्याआधी माणसं मोजा

सरकारी विद्यापीठांच्या आवारांची पाहणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली. पुढचा बृहत् आराखडा करणाऱ्यांसाठी त्यातल्या काही गोष्टी.

१. नकाशावर विसंबू नका, कुलूप उघडायला लावा. कागदावरच्या 'वाचनकक्षा'त उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले असतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला टाळं असतं आणि किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नसतं. अशी जागा 'उपलब्ध' म्हणून धरली की पुढचं सगळं गणित खोटं ठरतं.

२. पार्किंगमध्ये किती गाड्या मावतात, एवढंच विचारू नका. कोणत्या वेळी किती उभ्या असतात, तेही पाहा. साध्या मंगळवारी सकाळी अकराला मोजा, संध्याकाळी मोजा, परीक्षेत आणि प्रवेशाच्या दिवसांतही मोजा. अनेकदा मुख्य इमारतीसमोर रेटारेटी आणि मागचं मैदान मोकळं, असं दिसतं. तिथे नवा तळ नको. सावलीची पायवाट आणि ठळक पाट्या हव्यात. पदवीदानाच्या एका दिवसासाठी तर कायमचं डांबर मुळीच ओतू नका. वळायची जागा धरून उघड्यावर एका मोटारीला सुमारे २३ चौरस मीटर लागतात, तळघरात ३२. तेवढ्यात कितीतरी दुचाक्या राहतात, आणि आपली बहुतेक मुलं दुचाकीने नाहीतर बसने येतात.

३. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांना आधी विचारा. पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा ८५३. एवढ्या आवारात फाटकापासून विभागापर्यंत उन्हात चालणारी मुलगी रात्री ग्रंथालयातून वसतिगृहावर कशी परतते? त्या वाटेवरचे दिवे तिच्यासोबत चालून, अंधार पडल्यावरच तपासा. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार टेप लावून मोजा: एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी हवी. दारालगतची पहिली जागा अपंगांची, अधिकाऱ्यांची त्यानंतर.

४. इमारतीचा वापर बदलतोच. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत गव्हर्नरांच्या निवासासाठी बांधलेली. विद्यापीठ आलं १९४९ साली. नव्या भिंती हलवता येतील अशाच बांधा.

५. पाण्याच्या वाटा आधी आखा. पार्किंगसाठी नेमकी सखल, पाणी मुरणारी जमीन निवडली जाते. शिवाजी विद्यापीठाने आवारातल्या तलावांत पावसाचं पाणी साठवून दाखवलं आहे.

ही मोजणी तुम्हीही मागू शकता. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. तुम्ही पदवीधर असाल तर नाव नोंदवा, आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा: आपल्या आवाराची मोजणी शेवटची कधी झाली?