परसातली मिरची

भाकरीबरोबर दुसरं काही नसलं तरी चालतं, पण मिरची लागते. ठेचा असो, आमटी असो, पिठलं असो, तिच्यावाचून घास उतरत नाही. अशी रोजची वस्तू, पण पुष्कळ घरांत ती बाजारातून येते. स्वस्त असली तर पावशेराच्या जागी अर्धा किलो घ्यायची. महागली तर मूठभर घेऊन आठवडा काढायचा. आणि तिकडे घरामागं न्हाणीचं पाणी रोज फुकट वाहून जातं. तिथे डास होतात, चिखल होतो. त्याच पाण्यावर मिरचीची दहा-बारा झाडं जगतील. ती नीट जपली, तर लहान कुटुंबाची ओली मिरची घरची होते.

आम्हीही पुष्कळ वर्षं विकतच घेत होतो. मग एका साली ठरवलं, की आता घरची लावायची. बी घरात होतंच. चुलीच्या वर आढ्याला एक पुरचुंडी टांगलेली होती. वाफा केला, बी टाकलं, रोज पाणी शिंपडलं. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, एक कोंब दिसेना. कोणी म्हणालं माती वाईट. कोणी म्हणालं मुंग्यांनी बी नेलं. शेजारच्या आजी आल्या. त्यांनी वाफ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "बी कुठल्या सालचं?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. एक म्हणालं गेल्या सालचं. दुसरं म्हणालं त्याच्या आदल्या. पुरचुंडीवर काही लिहिलेलं नव्हतं.

आजी म्हणाल्या, "मग भुईला कशाला बोल लावता?"

दुसरं बी मिळवून रोप तयार होईपर्यंत लावणीची वेळ निघून गेली. त्या साली पुन्हा बाजाराची मिरची खाल्ली. तेव्हा मिरचीचं काम बियापासून धरायचं असतं, हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. तुम्हाला ते सोसायला नको, म्हणून हा पाठ.

आधी एक गंमत सांगतो. मिरची मुळात आपल्या देशातली नव्हे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी इथे कोणाच्या ताटात मिरची नव्हती. तेव्हा तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. मिरची अमेरिकेतली. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, आणि त्यानंतर तिचं बी जगभर गेलं. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. त्यांनी 1510 साली गोवा घेतला होता. परदेशी पीक, पण आज वाटतं का तसं?

बी कोणतं घ्यावं? जाती पुष्कळ आहेत. लवंगी लहान आणि जहाल. ब्याडगी लांब, सुरकुतलेली, रंगाला लाल आणि तिखटाला बेताची. कर्नाटकातल्या ब्याडगी गावावरून तिचं नाव पडलं. संकेश्वरीचं नावही असंच गावावरून आलं. नागपूरकडे भिवापूरची मिरची नावाजलेली आहे. पुसा ज्वाला आणि फुले ज्योती या सुधारलेल्या जाती आहेत. पण तुमच्या गावात जी चांगली येते, तीच आधी लावा. शेजाऱ्याच्या परसात जिनं तग धरला, तिला तुमची हवा-माती मानवणार, हे उघड आहे. दुकानातलं बी घेतलं तर पुडीवरची तारीख वाचा. आता आपल्याला वाचता येतं! मुदत संपलेली पुडी परत करा. पुडीतलं बी गुलाबी किंवा हिरवं दिसलं, तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते हाताळल्यावर हात साबणानं धुवा. उरलेलं बी पोरांच्या आणि कोंबड्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका.

घरचं बी असो की उसनं आणलेलं, पेरण्याआधी त्याची परीक्षा घ्या. दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. फडकं उबेला ठेवा. ते वाळू देऊ नका, आणि पाण्यात बुडवूही नका. आठ-दहा दिवसांनी उलगडून पाहा. सात-आठ बियांना मोड आले तर बी चांगलं. तीन-चारच मोडले तर दुसरं बी शोधा. ही परीक्षा आम्ही त्या साली घेतली असती, तर महिना वाचला असता. मिरचीचं बी एक वर्ष चांगलं उगवतं. पुढे त्याचा जोर कमी होत जातो. आणि चुलीच्या उबेला, धुराला टांगलं तर लवकर मरतं.

पावसाळी मिरचीसाठी मेच्या अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला बी टाका. न्हाणीचं पाणी बारमाही असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतही टाकता येतं. फार थंडीत मात्र ते उगवायला रडतं.

दहा-बारा झाडांना मोठा वाफा नको. फुटकं घमेलं, जुना डबा, खोकं, काहीही चालेल. बुडाला भोकं हवीत. भोकं नसली तर पाणी साचलं म्हणून समजा. चांगली माती, थोडी वाळू आणि पुरतं कुजलेलं शेणखत एकत्र कालवा. कुजलेलं म्हणजे ज्याला शेणाचा वास राहिलेला नाही, जे हातात भुसभुशीत लागतं. ताजं शेण घालू नका. त्याच्या उष्णतेनं कोवळी मुळं जळतात, आणि त्यातून हुमणीही येते. बोटाबोटाच्या अंतरावर रेघा ओढा. नखाएवढ्या खोलीवर बी टाका आणि बारीक माती भुरभुरा. वर वाळलेलं गवत पसरा. पाणी हातानं शिंपडा. तांब्यानं ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले, की त्याच दिवशी गवत काढून टाका. राहिलं तर रोपं उजेडासाठी उंच आणि लेचीपेची होतात.

आता इथे एक चूक बहुतेक सगळे करतात. रोपं दिसली की आनंद होतो, आणि आपण सकाळ-संध्याकाळ पाणी घालत सुटतो. दुसऱ्या आठवड्यात पाहावं, तर रोपं भुईलगत बारीक होऊन आडवी पडलेली. ही रोपांची मर. मातीतली बुरशी अति ओलीवर वाढते आणि कोवळं देठ कुजवते. आडवं पडलेलं रोप पुन्हा उठत नाही. म्हणून माती बोटानं चाचपा. वरची माती सुकली असेल तरच पाणी द्या, आणि तेही सकाळी. रोपांची दाटी झाली असेल तर मधली काढा. उपटताना जीव खालीवर होतो, पण दाटीत सगळीच मरतात.

पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर होतं. मग लावणी. संध्याकाळची वेळ धरा, किंवा ढगाळ दिवस. आधी डब्यात पाणी घाला, म्हणजे मुळं न तुटता रोप निघेल. दोन रोपांत दीड ते दोन फुटांचं अंतर ठेवा. पावसाळ्यात सरीत लावू नका, वरंब्यावर लावा. मिरचीला पाणी हवं, पण पायाशी डबकं नको. एक दिवस पाणी तुंबलं तरी पानं माना टाकतात. मागच्या साली ज्या जागी वांगी, टोमॅटो किंवा बटाटे होते, तिथे मिरची लावू नका. ही सगळी एकाच कुळातली पिकं. त्यांचे रोगही एकच, आणि ते मातीत दबा धरून असतात.

न्हाणीचं पाणी चालतं, असं वर म्हटलं. पण कपडे धुतलेलं, सोड्याचं पाणी रोज सोडू नका. त्यानं माती बिघडते. अंघोळीचं आणि भांडी विसळलेलं पाणी बरं.

खत म्हणाल तर लावताना प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी शेणखत, आणि फुलं येऊ लागली की पुन्हा एक ओंजळ. युरिया हाताशी असला की घालायचा मोह होतो. जास्त पडला तर झाड हिरवंगार होतं, दृष्ट लागण्यासारखं दिसतं, पण फुलं कमी येतात आणि किडीला कोवळी पानं खायला मिळतात.

मिरचीचा खरा वैरी म्हणजे बोकड्या. कोणी चुरडा-मुरडा म्हणतात. पानं आकसतात, वळतात, होडीसारखी होतात. लोक म्हणतात नजर लागली. नजर नव्हे, पान उलटून पाहा. पान वरच्या बाजूला वळलं असेल तर बहुधा फुलकिडे रस पितात. खाली वळलं असेल तर बहुधा कोळी. दोन्ही इतके बारीक असतात, की चटकन दिसत नाहीत. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, म्हणजे कागदावर हलणारे ठिपके दिसतील. यांच्यावर निंबोळीचा अर्क चालतो. वाळलेल्या निंबोळ्या कुटा. एका लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम भुकटी रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि चिमूटभर साबण मिसळा. संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. आठवड्यानं पुन्हा फवारा. एकदाच मारून भागत नाही.

पण एखाद्या झाडाची नवी पानं अगदी बारीक, गुच्छासारखी होतात. झाड खुजं राहतं आणि फुलत नाही. हा विषाणूचा रोग. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. यावर औषध नाही. झाड उपटायचं आणि लांब नेऊन पुरायचं. आमच्याकडे एका साली तिसरं झाड असं झालं. "राहू दे, सुधारेल," असं म्हणत आम्ही पंधरा दिवस घालवले. तेवढ्यात शेजारची चार झाडं गेली.

आणखी एक. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपांना शिवू नका. तंबाखूतला एक रोग मिरचीलाही होतो, आणि तो हातानं पसरतो. आधी साबणानं हात धुवा, मग रोपाला हात लावा. हे सांगितलं की काही जण हसतात. हसोत, पण हात धुवोत.

लावल्यावर दीड महिन्याच्या सुमाराला फुलं येतात. कडक उन्हात ती गळतात. पाणी कमी पडलं तरी गळतात, जास्त झालं तरी गळतात. पहिली फुलं गळाली म्हणून घाबरू नका. ऊन उतरलं की नवी धरतात. फळांच्या भारानं झाड वाकलं, तर तुराटीचा आधार द्या.

दोन-अडीच महिन्यांत पहिली हिरवी मिरची हाती येते. फांदी एका हातानं धरा, आणि दुसऱ्या हातानं मिरची देठासकट तोडा. ओढली तर फांदी मोडते. तोडत राहिलात तर झाड पुन्हा पुन्हा धरतं. सगळी झाडावरच पिकू दिलीत, तर नवी फुलं कमी येतात. म्हणून काही झाडं हिरवीसाठी ठेवा आणि दोन-तीन लालीसाठी राखा. लाल झाल्यावर पोपट-बुलबुल येतील. त्यांना मिरची तिखट लागत नाही! ते खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. कुंपणाशी, झाडाखाली आपोआप उगवलेली मिरची दिसते ना, ती पुष्कळदा त्यांचीच पेरणी.

आपल्याला मात्र ती लागते. तिखटपणा बियांत असतो, असं सगळे म्हणतात. खरं पाहता तो असतो आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. मिरच्या चिरून हात भाजले तर नुसत्या पाण्यानं आग जात नाही. तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हाताला तेल चोळा आणि मग साबणानं धुवा. तोंड भाजलं तर दूध किंवा ताक घ्या. आणि तोवर लहान मुलाला उचलू नका, त्याच्या डोळ्याला हात लागेल.

लाल मिरची चटईवर किंवा स्वच्छ कापडावर पातळ पसरून वाळवा. नुसत्या भुईवर नको. रोज हलवा. दव पडण्याआधी झाका. हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळल्या, की वाळली. साधारण चार किलो ओल्या लालीची एक किलो वाळलेली मिरची होते. ओलसर राहिली तर डब्यात बुरशी धरते. बुरशी लागलेली मिरची पोटाला घातक. ती निवडून भागवू नका, टाका.

आता पुढच्या सालचं बी. पहिल्या तोडणीआधीच एक झाड हेरा. निरोगी असावं, बोकड्या न शिवलेलं, भरपूर धरणारं. त्याला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कोणी चुकून त्यावरची हिरवी मिरची तोडणार नाही. जवळ दुसऱ्या जातीची मिरची असेल तर मधमाशा एकीचे पराग दुसरीवर नेतात. लवंगीशेजारी ढोबळी लावली, तर या सालची ढोबळी तिखट होत नाही. पण तिचं बी पुढच्या साली पेरलं, तर काय निघेल सांगता येत नाही. बियाच्या फांदीला फुलण्याआधीच पातळ फडक्याची पिशवी बांधली, तर बी शुद्ध राहतं. फळं धरली की पिशवी काढून घ्या. दुकानातून संकरित बी आणलं असेल तर त्याच्या मिरचीचं बी राखू नका. लेक आईसारखी निघत नाही.

झाडावर पुरत्या लाल झालेल्या चार-पाच मिरच्या घ्या. बिया काढून सावलीत आठवडाभर वाळवा. कागदाच्या पुडीत बांधा. पुडी कोरड्या बरणीत ठेवा, तळाशी थोडी राख घाला आणि बरणी थंड जागी ठेवा. चुलीपाशी नको.

आणि पुडी बांधण्याआधी कागदावर पेन्सिलीनं लिहा. आमच्या बरणीतल्या पुडीवर असं लिहिलेलं आहे:

लवंगी मिरची. न्हाणीजवळचं तिसरं झाड. बी काढलं कार्तिकात. आजींना अर्धी पुडी दिली.

त्याखाली साल घातलं आहे. तुम्ही तुमचं साल घाला.