जुन्या गाडीचा स्टिरिओ आणि सॅटेलाइट रेडिओ

प्रश्न : माझ्याकडे २००३ ची टोयोटा कॅमरी आहे. गाडी उत्तम चालते, त्यामुळे ती बदलायचा विचार नाही. स्टिरिओ कंपनीचाच आहे : एएम-एफएम, कॅसेट आणि सीडी. ब्लूटूथ नाही, फोनची तार लावायचं ऑक्स पोर्टही नाही. कामानिमित्त एडिसनहून पिट्सबर्गला वरचेवर जावं लागतं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत एफएम स्टेशनं एकामागून एक निसटतात आणि फोनचं नेटवर्कही जातं. म्हणून सॅटेलाइट रेडिओ घ्यावा असं वाटतं. स्टिरिओ न बदलता तो जोडता येईल का? दुकानदार नवाच स्टिरिओ बसवा म्हणतो.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : जोडता येतो, आणि त्यासाठी कंपनीचा स्टिरिओ काढायची गरज नाही. सॅटेलाइट रेडिओचा छोटा संच स्वतःच सिग्नल पकडतो आणि त्याचं गाण्यात किंवा बातम्यांत रूपांतर करतो. तुमच्या स्टिरिओकडून त्याला हवा असतो फक्त अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. तेव्हा खरा प्रश्न एवढाच की संचातून निघालेला आवाज स्टिरिओच्या आत न्यायचा कुठून. तुमच्या गाडीत त्याचे चार मार्ग आहेत. सोप्याकडून चांगल्याकडे जाऊ.

पहिला मार्ग : हवेतून एफएम. बहुतेक संचांत लहानसा एफएम ट्रान्समीटर असतो. संच आणि स्टिरिओ दोन्ही एकाच मोकळ्या फ्रीक्वेन्सीवर लावले की आवाज येतो. एकही तार लागत नाही, म्हणून सगळे आधी हेच करून पाहतात. पण अशा ट्रान्समीटरची ताकद अमेरिकी नियमांनुसार फारच कमी ठेवावी लागते : ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. २००६ मध्ये सॅटेलाइट रेडिओचे काही संच ही मर्यादा ओलांडत असल्याचं आढळलं आणि कंपन्यांना ते सुधारावे लागले. त्यातून तुम्ही राहता न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या दरम्यान. तिथला एफएम पट्टा गच्च भरलेला आहे. एडिसनला मोकळी सापडलेली जागा अ‍ॅलनटाउनपाशी दुसऱ्या स्टेशनने व्यापलेली असेल आणि हॅरिसबर्गला तिसऱ्याने. दर तासाला फ्रीक्वेन्सी बदलत गाडी चालवणं हे तुमच्यासारख्या लांबच्या प्रवाशाच्या कामाचं नाही, आणि सुरक्षितही नाही.

दुसरा मार्ग : तारेतून एफएम. यासाठी एफएम डायरेक्ट अ‍ॅडॉप्टर नावाची एक छोटी डबी मिळते. स्टिरिओच्या मागे अँटेनाची जी पिन येते, ती काढून या डबीत घालायची आणि डबीची पिन स्टिरिओत. संच चालू झाला की डबी बाहेरचा अँटेना बाजूला करते आणि संचाचा आवाज तारेतून थेट स्टिरिओला देते. मग बाहेर कोणतं स्टेशन जोरात आहे याचा फारसा त्रास राहत नाही. आवाज मात्र शेवटी एफएमचाच. एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर जातच नाहीत, आणि थोडी सळसळ मागे राहतेच.

तिसरा मार्ग : कॅसेट. तुमच्या गाडीत कॅसेट आहे हे तुमचं भाग्यच समजा. कॅसेट अ‍ॅडॉप्टरमध्ये टेप नसते. टेपच्या जागी एक बारीक चुंबकी हेड असतं आणि ते स्टिरिओच्या हेडला अगदी चिकटून बसतं. संचातून आलेला विद्युतप्रवाह त्यात बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि स्टिरिओ ते टेप समजून वाचतो. आतली छोटी दातेरी चाकं फिरत राहतात, कारण ती थांबली तर टेप संपली असं समजून स्टिरिओ बाजू उलटवतो किंवा कॅसेट बाहेर टाकतो.

वापरण्यापूर्वी तीन गोष्टी करा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन स्टिरिओचं हेड अलगद पुसा. वीस वर्षांचा तपकिरी थर निघाला की आवाजात लगेच फरक कळतो. डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवा, नाहीतर वरचे सूर दबतात. आणि आवाज अगदीच आला नाही तर अ‍ॅडॉप्टर बिघडला असं ठरवण्याआधी स्टिरिओची बाजू बदलून पाहा. बऱ्याचदा स्टिरिओ उलट बाजू वाजवत असतो, एवढंच.

चौथा मार्ग : सीडी चेंजरचं पोर्ट. हा सर्वांत उत्तम. त्या काळातल्या बऱ्याच टोयोटा, होंडा, फोक्सवॅगन गाड्यांच्या स्टिरिओमागे डिकीतल्या सीडी चेंजरसाठी एक सॉकेट दिलेलं असे. बहुतेकांनी चेंजर कधी घेतलाच नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं रिकामं पडून असतं. त्यात बसणारे ऑक्स अ‍ॅडॉप्टर मिळतात. स्टिरिओ डेटाच्या तारेवरून ‘चेंजर आहे का?’ असं विचारतो, अ‍ॅडॉप्टर ‘आहे’ म्हणून उत्तर देतो, आणि मग डाव्या-उजव्या आवाजाच्या तारा थेट अ‍ॅम्प्लिफायरकडे उघडतात. मध्ये ना एफएम, ना चुंबक.

अ‍ॅडॉप्टर घेण्याआधी गाडीचं साल, मॉडेल आणि स्टिरिओवर छापलेला क्रमांक दुकानदाराला सांगा. चेंजर किंवा नेव्हिगेशन आधीच बसवलेलं असेल तर ते सॉकेट भरलेलं असू शकतं.

स्टिरिओ बाहेर काढायचा तर आधी बॅटरीची ऋण बाजू सोडा. डॅशबोर्डची पट्टी प्लॅस्टिकच्या पातीने उचका, स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात. टोयोटात स्टिरिओ बहुधा १० मिलिमीटरच्या बोल्टने धरलेला असतो. पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. होंडावाल्यांनी आणखी एक जपावं : बॅटरी सोडली की जुन्या होंडाचा रेडिओ चोरीपासून बचाव म्हणून बंद होतो आणि पडद्यावर ‘कोड’ अशी अक्षरं येतात. तो कोड गाडीच्या कागदपत्रांतल्या कार्डावर असतो. कार्ड हाताशी आल्याशिवाय बॅटरी सोडू नका.

दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. नवा स्टिरिओ हा पाचवा मार्ग आहे आणि कॅमरीत तो बसतोही. उलट २००३ ते २००७ च्या होंडा अ‍ॅकॉर्डमध्ये स्टिरिओ आणि एसीची बटणं एकाच पटलात गुंफलेली आहेत. तिथे स्टिरिओ बदलणं म्हणजे अर्धा डॅशबोर्ड बदलणं. अशा गाड्यांना आतला मार्गच शोधावा लागतो.

अँटेनाचं काय? जोडणी कितीही चांगली असली तरी अँटेना चुकीच्या जागी असेल तर सगळं फुकट. सॅटेलाइट रेडिओ सुमारे २.३ गिगाहर्ट्झवर चालतो. या लहरींची लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणून अँटेना तळहातात मावतो. पण दाट झाडीसुद्धा या लहरींना अडवते. एक्सएम या अमेरिकी सॅटेलाइट रेडिओ सेवेचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, पश्चिम रेखांश ८५ आणि ११५ अंशांपाशी, म्हणजे तुमच्याकडून पाहता दक्षिणेच्या आकाशात असतात. गाडी उत्तरेला वळली की डॅशबोर्डवरच्या अँटेनाच्या आड गाडीचा टपच येतो. तेव्हा अँटेना डॅशबोर्डवर न ठेवता टपावर बसवा, कडेपासून थोडा आत. तळाशी लोखंडी पत्रा असेल तर चुंबकही धरतो आणि सिग्नलही सुधारतो. तार मागच्या काचेच्या रबराखालून डिकीत घ्या, तिथून मागच्या सीटखालून आणि दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून पुढे आणा. डिकीत शिरताना तार आधी खाली झुकवा आणि मग वर घ्या. नाहीतर पावसाचं पाणी तारेवरून थेट आत येतं. उरलेली तार कापू नका, सैल वेटोळं करून ठेवा.

तुमच्या वाटेवर पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकचे बोगदे लागतात. पुलाखालून जाताना आवाज तुटू नये म्हणून तोच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून सुमारे ४ सेकंदांच्या फरकाने पाठवला जातो आणि संच तो साठवून जुळवतो. पूल तेवढ्यात पार होतो. अ‍ॅलेघेनी बोगदा मात्र पावणेदोन किलोमीटरहून लांब आहे, तिथे आवाज गेला तर जोडणी बिघडली असं समजू नका.

जुना संच विकत घेत असाल तर तो सिरियस या दुसऱ्या सेवेचा की एक्सएमचा हे पाहा. दोन्ही कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या, पण त्यांच्या जुन्या संचांची तंत्रं वेगळीच राहिली, एकाचा संच दुसऱ्याचा सिग्नल घेत नाही. संच शून्य चॅनेलवर लावला की त्याचा रेडिओ आयडी दिसतो. पैसे देण्याआधी तो आयडी कंपनीला सांगून वर्गणी सुरू होईल ना, हे विचारून घ्या. आणि महिन्याची जाहिरातीतली रक्कम न धरता संगीताचं रॉयल्टी शुल्क धरून एकूण रक्कम किती ते विचारा.

माझा सल्ला असा : आज कॅसेट अ‍ॅडॉप्टरने सुरुवात करा. गाडी आणखी दोन-चार वर्षं ठेवायची असेल तर चेंजर पोर्टाचा ऑक्स अ‍ॅडॉप्टर बसवा. त्याच ऑक्समध्ये उद्या फोनही लागतो, आणि सॅटेलाइटवर न मिळणारी मराठी गाणी नेटवर्क असेल तिथे किंवा आधी उतरवून ठेवून ऐकता येतात. संच आणि वर्गण्या बदलत राहतील. स्टिरिओत एकदा उघडलेलं दार गाडी असेपर्यंत उपयोगी पडतं.

प्रश्न : मी रेडिओ ऑक्सने जोडला. गाडी उभी असताना आवाज स्वच्छ असतो, पण इंजिन सुरू केलं की बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. संच खराब आहे का?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा आवाज ऐकला की संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, जायला हवा. तुमचा संच वीज घेतो सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून आणि आवाज देतो स्टिरिओला. म्हणजे त्याचं अर्थिंग दोन ठिकाणी झालं. या दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, त्यामुळे आवाजाच्या तारेच्या आवरणातून नको तो प्रवाह वाहतो. अल्टरनेटरच्या विजेतली लहर त्यावर बसून स्पीकरपर्यंत पोचते.

खात्री करणं सोपं आहे. त्याच ऑक्स तारेला बॅटरीवर चालणारा फोन लावा, चार्जर न जोडता. शिट्टी थांबली तर दोष अर्थिंगचा, संच चांगला आहे. ऑक्सच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. त्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण अर्थिंगचं वेटोळं तुटतं. कायमचा इलाज हवा असेल तर संचाची वीज आणि अर्थिंग दोन्ही स्टिरिओच्या जागेवरूनच घ्या.

आणखी एक सेटिंग तपासा. संचाच्या मेनूतला आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवर करा. संचाचा आवाज कमी ठेवून स्टिरिओ वाढवला की खरखरही तेवढीच वाढते.

प्रश्न : आमच्या माळ्यावर वर्ल्डस्पेसचा जुना संच आहे. तो गाडीच्या स्टिरिओला जोडून अमेरिकेतल्यासारखी सेवा ऐकता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : येणार नाही, आणि हे लिहिताना मलाही वाईट वाटतं. वर्ल्डस्पेस या सॅटेलाइट रेडिओ सेवेचा एशियास्टार हा उपग्रह मार्च २००० मध्ये सोडला गेला. त्यावर शास्त्रीय संगीताचं ‘गांधर्व’ होतं आणि मराठीसाठी ‘सुरभी’ होतं. पुण्यात सपाट अँटेना आग्नेयेकडे तोंड करून खिडकीत ठेवावा लागे, म्हणजे धावत्या गाडीसाठी ती सोय मुळातच नव्हती. कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली.

अमेरिकेतली सेवा वेगळ्या लहरींवर आणि वेगळ्या तंत्रावर चालते आणि तिचे उपग्रह भारताकडे प्रक्षेपण करत नाहीत. तुमच्या संचात एफएम किंवा मध्यम लहरी असतील तर तेवढाच भाग घरी वापरता येईल.

गाडीत मराठी ऐकायचं तर ऑक्स पोर्टात लागणारा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. मग फोनवर आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एआयआर’ अ‍ॅपमधून मराठी केंद्रं ऐकता येतात. घाटात नेटवर्क जाईल तेव्हा थेट प्रसारण तुटणारच, म्हणून निघण्याआधी काही कार्यक्रम उतरवून ठेवा.

तिघांनाही शेवटी एक विनंती. जोडणी, सेटिंग, चॅनेल निवडणं, सगळं गाडी उभी असताना करा. संच एअरबॅगच्या झाकणावर किंवा समोरची नजर अडेल असा बसवू नका. आणि लायटरचं सॉकेट गाडी बंद केल्यावरही चालू राहत असेल, तर उतरताना संचाची पिन काढून ठेवा, म्हणजे सकाळी बॅटरी उतरलेली सापडणार नाही.