श्रीलंकेत साडी चालेल का?

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी अनुराधपूर, कँडी बघायला श्रीलंकेला निघालोय. पहिलाच परदेश प्रवास. तिथे साडी चालत नाही, भन्तेजींसमोर बायकांना जाऊ देत नाहीत, असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक भगिनी, इंदोरा, नागपूर

उत्तर : ताई, दोन्ही गोष्टी मनातून काढून टाका. साडी तिथल्या बायकाही नेसतात. दीक्षाभूमीवर नेसून जाता ती पांढरी साडीच घ्या. तिथले उपासकही विहारात पांढऱ्या कपड्यांतच येतात. ड्रेस घातला तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत. भन्तेजींना जरूर वंदन करा, फक्त हात लावू नका.

फोटोची मात्र फार काळजी घ्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात. कुणाच्या दंडावर बुद्धाचा टॅटू असेल तर बाहीखाली पूर्ण झाका. २०१४ मध्ये अशाच टॅटूवरून एका ब्रिटिश महिलेला देशाबाहेर पाठवलं होतं. चपला बाहेरच काढाव्या लागतात आणि भर दुपारी अनुराधपूरची फरशी आपल्या मे महिन्यातल्या गच्चीसारखी भाजते. सकाळीच जा, पिशवीत मोजे ठेवा.

ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, निघण्यापूर्वी श्रीलंकेच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. पोलीस ११९, रुग्णवाहिका १९९० हे नंबर प्रत्येकीच्या पर्समध्ये कागदावर लिहिलेले असू द्या.