‘हरकत नाही’ लिहिलेला कागद

माझं गाव तासगाव तालुक्यात, नोकरी साताऱ्यात, वर्ग तीनच्या लिपिकाची. निवृत्तीनंतर बांधावरून भावकीत मारामारी झाली. काठी मीही उचलली होती. शिक्षा लागली आणि कळंब्याच्या कारागृहात दहा महिने काढले. तेवढे महिने पेन्शन खात्यात पडत होती. बायको ती काढायची. घर आणि सुनेचं बाळंतपण त्यावरच निभावलं.

सुटून आलो तर पत्र येऊन पडलेलं. त्या काळातली निम्मी पेन्शन रोखण्याचा आदेश झाला होता, तो उशिरा पोचला, म्हणून जादा गेलेली रक्कम भरा. कार्यालयात गेलो. समोर कागद आला, ‘वसुलीस माझी हरकत नाही’. तुरुंगातून आलेल्या माणसाची मान आधीच खाली असते. न वाचता सही केली. पुढे माफीचा अर्ज केला, तेव्हा तीच सही माझ्यापुढे ठेवली गेली. माफी मिळाली नाही, फक्त हप्ते पाडून मिळाले.

म्हणून सांगतो, पत्र आलं की आधी मूळ आदेशाची प्रत मागा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधला नियम 26 वाचा. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची पेन्शन शासन रोखू शकतं, पण लेखी आदेश काढून. नुसती अटक झाली म्हणून नव्हे. आदेशाची तारीख, कोणत्या महिन्यांसाठी, किती भाग, हे सगळं ताडून पाहा.

सर्वोच्च न्यायालयाने रफीक मसीह प्रकरणात 18 डिसेंबर 2014 रोजी सांगितलं, की कार्यालयाच्या चुकीने जादा गेलेला पैसा वर्ग तीन-चारच्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांकडून वसूल करू नये. मात्र तो निकाल चुकून जादा दिलेल्या पगाराचा आहे; शिक्षेच्या प्रकरणात तो जसाच्या तसा लागेल असं धरून चालू नका. शिवाय 2016 च्या जगदेव सिंग निकालाप्रमाणे, जादा रक्कम परत करीन असं आधीच लिहून दिलेलं असेल तर ती ढाल गळून पडते. आपण काहीही लपवलं नाही, हे दाखवता येणं फार मोलाचं. मी आत गेलो त्याच आठवड्यात बायकोने शिक्षा झाल्याचं कळवणारा एक अर्ज कार्यालयाला दिला असता, तर माझ्या माफीच्या अर्जाला वजन आलं असतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कैदेतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. राज्य सरकारी नोकराची दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅट), तीही साधारण वर्षाच्या आत. जिल्हा परिषदेच्या नोकराला मात्र उच्च न्यायालय. ऑगस्ट 2025 पासून सातारा-सांगलीसाठी त्याचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

गेल्या महिन्यात गावातली एक बाई आली, नवरा आत आहे. तिला घेऊन कार्यालयात गेलो. अर्ज दिला, पोचपावतीवर शिक्का घेतला आणि ती तिच्या पासबुकात ठेवायला लावली.